मनवाचं अपरलिप

कोणीतरी या पोरींच्या कानात काहीतरी सांगून ठेवतंय. कोण, ते मला अजून सापडलेलं नाही. पण आठ वर्षांची मुलगी पार्लरच्या खुर्चीत बसते, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि आरशात बघून म्हणते, "माझी स्किन किती डल झालीये!" हे वाक्य तिचं नाही. ज्याचं कोणाचं असेल, त्याने एकदा समोर यावं!

मी ठाण्याच्या कॉलेजात समाजशास्त्रात एम.ए. करते आणि दुपारनंतर कोपर स्टेशनजवळच्या नंदामावशीच्या पार्लरमध्ये फोन आणि अपॉइंटमेंट सांभाळते. इथले किस्से खाली पडलेल्या केसांसारखे असतात. रोज झाडून काढा, तरी कोपऱ्यात ढीग आहेच. मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसतात, मीही हसते. मग घरी जाताना डोकं फिरतं.

त्यात परवा ताईचा फोन आला. "रविवारी मनवाला आणतेय गं. अपरलिप करायचंय तिचं."

मनवा माझी भाची. अकरा वर्षांची! आणि तिच्या ओठांवरची लव काढायची!

बोर्डासाठी मी मावशीच्या मागे कधीची लागले होते. आता पुन्हा म्हटलं, "रविवारच्या आत दारावर बोर्ड लाव. सोळाच्या खालच्या मुलींचं इथे काहीही होणार नाही."

मावशी म्हणाली, "लावते की. वाचणार कोण?"

*

बोर्डाची गरज का आहे, ते ऐका.

एका आईने मुलीचा सातवा वाढदिवस आमच्याकडे ठेवलेला. 'स्पा थीम'! फ्रॉक घातलेल्या सगळ्या मैत्रिणी रांगेत आडव्या. मावशी सावध बाई. तिने केमिकलला हात लावला नाही. गालाला दही, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या, बस्स.

तेवढ्यात दारात कोणीतरी आलं म्हणून मावशी वळली. परत बघते तर एकीच्याही डोळ्यांवर काकडी नाही! सगळ्यांची तोंडं हलतायत.

"काय गं, कसं वाटलं फेशियल?"

बर्थडे गर्ल म्हणाली, "छान होतं. फक्त मीठ हवं होतं."

मी तिला हळूच विचारलं, "तुला फेशियल करायला कोण म्हणालं?"

"मम्मी. रील काढायचीये तिला."

संशयित नंबर एक मिळाला. मी खूश!

*

पण नुसतं आयांवर खापर फोडून चालत नाही. एकदा फोन वाजला. पलीकडून मुद्दाम जाड केलेला आवाज.

"हॅलो, मी कळव्यावरून बोलतोय. मुलीचे पप्पा. माझ्या मुलीला पिंपल्स आहेत. चेहरा उजळ करायचाय, अर्जंट. तुमच्याकडे होईल ना?"

"वय काय मुलीचं?"

"नववीत आहे. शाळेच्या टीममध्ये विकेटकीपर आहे, उन्हात काळी पडलीये."

"नाव सांगा."

मग तो जाड आवाज एकदम बारीक झाला.

"...ओंकार."

मी हसू दाबत म्हटलं, "अरे ओंकार, आमचं लेडीज पार्लर आहे. आणि उजळ व्हायला तुला कोण म्हणालं?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "ग्रुप फोटोत मला सगळे शोधतात." आणि फोन ठेवला.

यावर मला हसू आलं नाही.

*

सहावीतल्या मुलीला घेऊन एक बाई आल्या. हेअर स्मूदनिंग करायचं होतं. मावशी म्हणाली, "एवढ्या लहान मुलीला मी ते क्रीम लावत नाही. वास डोळ्यांत जातो, डोकं भाजतं."

"लहान कुठे? सोळाची आहे ती!"

मुलगी आईकडे वळून म्हणाली, "शेअर रिक्षात मला मांडीवर घेतेस, आणि इथे मी सोळाची?"

बाई म्हणाल्या, "चल घरी, दाखवते तुला." दोघी गेल्या. मावशी म्हणाली, "बघ, बोर्ड न लावता काम झालं."

*

आता माझा किस्सा. आठवीतली एक मुलगी एकटीच आली. आयब्रो करायच्या म्हणाली. बहिणीचा साखरपुडा होता. मी मावशीला खुणेने थांबवलं, मुलीला बाकावर बसवलं आणि बोलायला लागले. तू आहेस तशीच छान आहेस, हा सगळा बाजार आहे, तुझ्या चेहऱ्यात कमी शोधून कोणाचं तरी दुकान चालतं, वगैरे. मनापासून बोलले. अजूनही त्यातला शब्द न् शब्द मला पटतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली, "ताई, तुमच्या कोणी केल्या?"

मावशी मागे वळून कपाट आवरायला लागली. तिचे खांदे हलत होते.

त्या दिवसापासून मी भुवयांना दोरा लावू दिलेला नाही. पण ती मुलगी तशीच निघून गेली आणि दोन दिवसांनी परत आली. ओढणी कपाळावरून ओढलेली. बाजूला केली तर डावी भुवई अर्धीच! पप्पांच्या रेझरने घरीच प्रयोग केलेला. डोळे रडून सुजलेले.

"काकी, उरलेली अर्धी पण काढून टाका ना," मावशीला म्हणाली. "निदान काहीतरी ठरवून केलंय असं वाटेल!"

मावशीने काळ्या पेन्सिलीने तिची भुवई भरून दिली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि तुझा बोर्ड?"

बोर्ड वाचून परत गेलेली पोरगीही घरी रेझरच उचलणार, हे मला दिसत होतं. पण म्हणून मावशी बरोबर आहे, असंही मी मानत नाही.

*

हळदी-लग्नाच्या सीझनला इथल्या गावातली घरं पार्लरमध्ये आख्खीच्या आख्खी उतरतात. काक्या, माम्या, करवल्या, कडेवरची पोरं. मागच्या सीझनला तसंच एक घर आलं. "सगल्या पोरींचा डी-टॅन करा, बारकीचा पन!" बारकी केवढी? दुधाचे दात पडलेली!

त्यांच्यासोबत हिराआजी होत्या. जन्म मिठागरात गेलेला, आता त्याच जमिनीवर त्यांच्या नावाची बिल्डिंग. त्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आमी दिसभर मिठागरान उन्हान उब्या रात होतो. तवा आमाला कोनी सांगला नाय, का ह्याला टॅन बोलतान!"

मी तर टाळीच वाजवली. म्हटलं, मिळाली आपल्या बाजूची एक बाई!

पुढच्याच आठवड्यात हिराआजी एकट्या आल्या. हळूच मावशीच्या कानाशी लागल्या. हनुवटीवरचे केस आणि अपरलिप. तेव्हापासून त्यांची अपॉइंटमेंट कधी चुकलेली नाही.

*

रविवार उजाडला. ताई मनवाला घेऊन आली. बाकावर हिराआजी नंबर लावून बसलेल्या.

मी दारातच मनवाला गाठलं. "तुला कोण म्हणालं गं?"

"तू सुरू नको होऊस," ताई म्हणाली. "वर्गातली मुलं मिशी म्हणतात तिला. डबा एकटीने खाते ती. तुझं समाजशास्त्र येणारे का तिच्यासोबत डबा खायला?"

मी दारातून बाजूला झाले. मनवा खुर्चीत जाऊन बसली. पाय लोंबकळत होते.

आता अपरलिपची एक पद्धत आहे. जिचं करायचं, तिने जीभ आतून ओठाखाली दाबून धरायची आणि तोंड गच्च मिटायचं. बोलणाऱ्या माणसाचं अपरलिप होत नाही. आणि करणारीच्या दातांत दोऱ्याचं टोक असतं, त्यामुळे तिलाही बोलता येत नाही.

मावशीने पावडर लावली, दोरा दातांत धरला, वाकली.

"नंदाआजी, दुखतं का?" मनवाने विचारलं.

मावशी थांबली. "हं."

मनवाने तोंड मिटलं. मावशी पुन्हा वाकली.

"मग परत येतात का ते?"

"हं."

"मग परत काढायचे?"

"हं."

ताई म्हणाली, "मनू, तोंड बंद!" मनवाने मिटलं. दोरा ओठाला टेकणार, तेवढ्यात तिने मावशीचं मनगट धरलं.

"असं किती वर्षं करायचं?"

याला 'हं' पुरेना. मावशीने दोरा दातांतून सोडला. माझ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं. ताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, मी अपॉइंटमेंटची वही उघडली.

बाकावरून हिराआजी म्हणाल्या, "थांब गो पोरी. माझा आजून चालूच हाय, सपला का सांगते तुला."