काटा लाल, इंजिन थंड : अमरावती ते अकोला आणि पुढे बाळापूर

सुमनआत्या कायमची पुण्याला निघाली, म्हणून आम्ही निघालो. आत्या बाळापूरच्या शाळेत शिकवायची. निवृत्तीनंतर ती अकोल्यात एकटीच राहत होती. आता मुलाने तिला पुण्याला न्यायचं ठरवलं आणि आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळच्या रेल्वेचं तिकीटही काढलं. जाण्यापूर्वी तिला एकदा बाळापूरला जाऊन जुबेदाबाईंना भेटायचं होतं. दोघींनी एकाच शाळेत उभा जन्म काढलेला. जुबेदाबाईंना गुडघ्यांमुळे घराबाहेर पडता येत नाही. "मी नेते तुला," असं मी फोनवर सांगून टाकलं.

गाडी माझी आहे. सेकंडहँड, जुनी, छोटी आणि माझ्याच नावावर. चालवतेही मीच. शेजारच्या सीटवर बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबतो तो माझा नवरा, प्रकाश.

तुम्हाला हा प्रवास करायचा असेल तर सकाळी अमरावतीत गिला वडा खाऊन निघा. बडनेरा मागे पडलं की रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत आहे. टोलची तयारी ठेवा. हिवाळा सरत आला की दोन्ही बाजूंना हरभरा असतो, मधेच गव्हाचे हिरवे तुकडे. डोळ्यांना बरं वाटतं. आम्हालाही वाटत होतं, मूर्तिजापूर जवळ येईपर्यंत.

तिथे तापमानाचा काटा लालमध्ये जाऊन बसला. मी गाडी कडेला घेतली, जरा पुढेच एक गॅरेज होतं. मालकाने बॉनेट उघडलं, आत एक नजर टाकली आणि प्रकाशला म्हणाला, "हेड गेलं साहेब. इंजिन खोलावं लागते."

"चालवत मी होते," मी म्हटलं. "वाफ नाही, वास नाही, पाणीही भरलेलं आहे."

"तुमी सावलीत बसा मॅडम," तो म्हणाला आणि पुन्हा प्रकाशकडे वळला. "गाडी ठेवून जा. परवा पाहू."

प्रकाशने मान हलवली. त्याला इंजिनातलं काही कळत नाही, पण दोन पुरुष बॉनेटमध्ये वाकले की त्यातला एक आपण असलो पाहिजे, एवढं त्याला नक्की कळतं. मग तो फोन कानाला लावून झाडाखाली गेला.

मी बाजूच्या टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक घेतला. बऱ्याच वेळाने येऊन रेडिएटरच्या नळीला आधी जपून बोट लावलं, मग सरळ मुठीत धरली. नळी गार होती. किल्ली फिरवली. इंजिन सुरूही झालं नव्हतं, तरी काटा थेट लालमध्ये.

"बंद गाडी तापली कशी?" मी मालकाला विचारलं. "काटाच खोटं सांगतोय. सेन्सर गेला असेल."

"सेन्सर गेल्यावर असं नसते होत."

"मग कसं होतं?"

यावर त्याने प्रकाशकडे पाहिलं, बायकोला आवरा अशा अर्थाने. प्रकाश हळू आवाजात म्हणाला, "अगं, त्यांचं रोजचं काम आहे हे."

मी गाडी काढली. धाडस वगैरे मुळीच नव्हतं. माझं चुकलं असतं तर इंजिन जाम झालं असतं, आत्याचं बाळापूर राहिलं असतं आणि प्रकाशला आयुष्यभर पुरेल असा विषय मिळाला असता. तिसऱ्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. बोरगाव मंजूला थांबून ऐकलं : पंखा आपोआप लागला, थोडा वेळ फिरला, बंद झाला. म्हणजे इंजिन हवं तेवढंच तापत होतं आणि थंडही होत होतं. काटा मात्र लालमध्येच होता आणि प्रकाशचं तोंडही.

अकोल्यात आत्याला घेतलं. ती पुढच्या सीटवर बसली, प्रकाश मागे गेला. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेलो. गल्ल्या अशा अरुंद की आरसे मिटून घ्यावे लागले. तिथल्या, आत्याच्या ओळखीच्या गफ्फार मिस्त्रींना मी सगळं सांगितलं. त्यांनी इंजिन निवू दिलं. मग सेन्सरची वायर काढली, काटा झपकन खाली आला. त्यांनी पाना लावून सेन्सर फिरवला, हिरवं कूलंट जरा गळलं, तोवर नवा सेन्सर बसवून झाला. कूलंट भरलं, गाडी चालू ठेवली. काटा सावकाश मध्यापर्यंत चढला आणि तिथेच राहिला. सेन्सर आमच्या तिघांच्या दुपारच्या जेवणापेक्षा स्वस्त पडला.

हात पुसत मिस्त्री प्रकाशला म्हणाले, "भाऊ, तुमी बराबर पकडलं हां!"

"अंदाज होताच मला," प्रकाश म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने काच खाली केली. "जावईबापू, तुमाले अंदाज होता, तं मले कावून फोन केला? 'गाडी संपली, आज येनं होत नाही, जुबेदाबाईंले फोनवरच बोलून घ्या' म्हनत होते ना?"

झाडाखालचा फोन तो होता तर. मिस्त्रींना एकदम दुसऱ्या गाडीचं काम आठवलं. प्रकाश मागच्या सीटवर जाऊन बसला आणि बाळापूरपर्यंत हरभरा पाहत राहिला.

बाळापूरला किल्ला आहे, नदीकाठी दगडी छत्री आहे. दोन्ही बघा, संध्याकाळचं ऊन तिथे छान पडतं म्हणतात. आम्ही काहीच पाहिलं नाही. जुबेदाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आत्याला पाहताच ओरडल्या, "काहून वं सुमन, पळून चालली म्हने?"

"तू तं चालू शकत नाही. मंग मलेच पळा लागते."

दोघी हसल्या. मग जुबेदाबाईंनी आत्याचा हात धरला तो आम्ही निघेपर्यंत सोडला नाही. चहासुद्धा डाव्या हाताने प्यायल्या. बोलणं जुन्या हेडमास्तरांच्या उखाळ्यापाखाळ्यांचंच होतं. निरोपाचं एक अक्षर कोणी काढलं नाही. परतीच्या वाटेवर आत्या एकदाच म्हणाली, "बरं झालं आनलं तू मले."

घरी आल्यावर प्रकाशने शेजाऱ्यांना सेन्सरची गोष्ट सांगितली. तिच्यात मी चहा पीत होते. तेवढं खरं आहे.

परवा आत्याचा पुण्याहून फोन आला. "जयभीम बाई. इथं दोन गाड्या हायेत घरी, लय भारी. पन मले कोनी कुठं नेत नाही. साऱ्यायले टाइम नाही."

"दिवाळीत येते," मी म्हटलं.

प्रकाशने ऐकलं. "पुण्याला? या गाडीने? इतक्या लांब?"

"तू ट्रॅव्हल्सने ये," मी म्हटलं. "आम्ही तुला घ्यायला स्टँडवर येऊ."