डाव्या झोक्याचा शेंदूर

नवशासारखा घाबरट माणूस मी जन्मात पाहिला नाही. डोळखांबकडच्या पाड्यावरचा हा चाळिशीचा गडी वाशिंदला आमच्या कॉलनीच्या बागेत माळी म्हणून लागला. बाग ती केवढी? दोन झोके, एक घसरगुंडी आणि सिमेंटची दोन बाकडी. पण ह्याला झाडांपेक्षा झोक्याचीच काळजी. डाव्या झोक्याची वरची कडी झिजून काडीएवढी उरली होती. कमिटीला सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं. उत्तर एकच, पुढच्या महिन्यात बघू. झोका काढून टाकावा तर नोकरी जायची. त्याने तो दोरीने वर बांधला, पोरांनी सोडला. मग पोरं झोका घ्यायची तेव्हा हा बाजूला हात पसरून उभा. आम्ही बायका हसायचो, मीसुद्धा.

एका सकाळी बघते तर झोक्याच्या खांबाला शेंदूर, खाली गोल दगड, वर जास्वंदीचं फूल. पोरं तिकडे फिरकेनात. देव कुणी मांडला, हे कुणी विचारलं नाही. शेंदूर दिसला की आपण हात जोडतो, विचारतो कुठे?

महिन्याभरात माझी नात दिशा तापाने फणफणली. दोन वर्षांची पोर, चार दिवस डोळा उघडेना. डॉक्टरचं औषध चालू होतंच, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खिडकीतूनच मी त्या दगडाला बोलले, पोरीचा ताप उतरू दे, तुझ्याच पाळण्यात बसवीन. ताप उतरला.

मंगळवारी नारळ घेऊन गेले. दिशाला झोक्यात बसवलं, साखळीला हात लावते तोच नवशा पाण्याचा पाइप टाकून धावत आला.

"कमळमावशी, उतरव तिला. तिथं देव नाय. शेंदूर मी लावलाय."

माझं डोकंच फिरलं. नवसाचा म्हणून तुझं नाव नवशा, आणि माझा नवस मोडतोस? नको नको ते बोलले मी. तो वाद घालत बसला नाही. दिशाला उचलून माझ्या कडेवर दिलं आणि मला दाखवायला स्वतःच झोक्यात बसला. दुसऱ्याच हेलकाव्याला कडी तुटली. पाठीवर पडला, नेमका त्या दगडावर.

कमिटी म्हणाली, एवढा बाप्या बसला म्हणून तुटली. डावा झोका काढला. उजव्यापुढे पोरांची रांग लागायला लागली.

आठवड्याने मी शहापूरच्या दवाखान्यात त्याला बघायला गेले. कंबरेखाली त्याला काही कळत नव्हतं. तो नारळ त्याच्या उशाशी ठेवला आणि ढसाढसा रडले. माझ्या पोरीच्या जागी तो पडला होता. त्याने नारळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, दोनी कड्या एकाच दिवशी बसवल्यात गो. उजवी कुनी बघितली का?"

मी धावत बाहेरच्या फोनबूथवर गेले. सून रोज साडेपाचला दिशाला बागेत नेते. बूथमधल्या घड्याळात सहाला दहा कमी होती. घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही.