खुंटाचे फुटवे

पोरगी आपलं ऐकत नाही, ही काळजी आईच्या केव्हाच अंगवळणी पडली होती. पण आज सकाळपासून तिला भलतीच काळजी लागली होती: या वेळी पोरीने ऐकलं तर?

घरात तिला लहानपणापासून खारूताईच म्हणत. हाती लागेल ती बी कुठेतरी पुरून ठेवायची आणि विसरून जायची. एकदा न्हाणीच्या फटीतून घेवड्याचा वेल वर आला, तेव्हा नवा भाडेकरू आला म्हणून बाबांनी जाहीर केलं होतं.

पुढे ती शेतकी शिकून एका मोठ्या प्रयोगशाळेत लागली. तिथे काचेच्या बाटल्यांत करंजाची रोपं वाढवत. करंजाच्या बियांच्या तेलापासून इंजिनाचं इंधन बनतं आणि झाड बांधावर, माळावर कुठेही येतं. पण बाटलीतलं रोप शेतकऱ्याच्या खिशाला झेपत नव्हतं. नुसती बी पेरावी, तर त्या झाडाला शेंगा किती येतील याचा भरवसा नाही. खारूने नोकरी सोडली. परगावी एका बंद छापखान्यामागचं अंगण भाड्याने घेऊन त्यावर हिरवी जाळी ताणली. चहाच्या टपऱ्यांवरून दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणायच्या, आईची विणकामाची सुई तापवून त्यांना भोकं पाडायची, माती भरून साधी बी पेरायची. रोप जरा उभं राहिलं की त्याचा शेंडा उडवायचा आणि भरघोस शेंगा धरणाऱ्या एका खात्रीच्या झाडाची काडी त्यावर बसवून पिशवीच्याच पट्टीने आवळायची. खालचा तो खुंट, वरचं ते कलम. असं रोप कुणालाही परवडलं असतं.

"लोकांच्या पोरी दूध पितात, आमची पिशव्या पिते," असं बाबा म्हणत. मात्र तिच्या गावी जाणारा कुणी भेटला, की धुतलेल्या पिशव्यांचं गाठोडं तेच त्याच्या गळ्यात मारत.

मध्यंतरी खारू तापाने अंथरुणाला खिळली. आई धावत गेली. पोरीचं औषधपाणी आणि रोपांचं पाणी, दोन्ही तिच्याकडे आलं. वरच्या काड्या रुसल्यासारख्या उभ्या होत्या आणि गाठीखालून कोवळे फुटवे जोमाने वर येत होते. ते दिसले की खुडायचे, असं खारूने पडल्यापडल्या सांगितलं होतं. पण भुकेल्या पोराला ताटावरून उठवावं तसं आईला ते वाटलं. तिचा हात धजावला नाही. उलट त्यांनाच तिने तांब्याभर पाणी जास्त घातलं.

खारू हिंडूफिरू लागली तेव्हा अंगण गर्द हिरवं झालं होतं. ती एका पिशवीपाशी उकिडवी बसली. बोटाने पानं बाजूला सारली. वरची काडी कोरडी ठक्क. शेजारच्या पिशवीत तेच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "आई, हे आपलं झाड नाही. खुंटाचं आहे."

आई घरी परतली, पण जीव तिकडेच राहिला. काल संध्याकाळी खारूचा फोन आला. शेतकऱ्यांचा टेम्पो आज दुपारी रोपं न्यायला येणार होता. तिच्या हातची ही पहिलीच रोपं, आणि त्यांनी बांधावर खड्डेही खणून ठेवले होते. खुंट जिवंत होते. फुटवे छाटून पुन्हा काड्या बांधता आल्या असत्या, पण मग हा हंगाम गेलाच. रिकामा टेम्पो परत गेला, तर पुन्हा तिच्या दारात कोण येणार होतं?

"देऊन टाक," आई म्हणाली होती. "हिरवीगार दिसताहेत. शेंगा धरायला वर्षं लागतात. तोवर कुणाच्या लक्षात राहतंय?"

पलीकडून खारू म्हणाली, "बघते."

तो शब्द आईला रात्रभर टोचला. खारू कधी बघते म्हणायची नाही. पटलं नाही तर तोंडावर नाही म्हणून मोकळी व्हायची.

आता बाबा मोरीपाशी पिशव्या धूत होते. आई त्या दोरीवर वाळत घालत होती. घालता घालता तिच्या डोळ्यांपुढे एक माणूस आला. बांधावरच्या मोठ्या, डेरेदार झाडाखाली उभा राहून तो वर बघतोय आणि फांद्यांवर एकही शेंग नाही. इतकी वर्षं पाणी घातलं, गुरांपासून राखलं. तो कुणाचं नाव घेईल, हे तिला सांगायला कुणी नको होतं.

"मी आज तिच्याकडे जाते," ती म्हणाली. "फुटवे मी वाढवलेत, छाटायलाही मीच हवी."

"आणि टेम्पोचं काय?"

"जाऊ दे रिकामा. रोपं माझ्या आईने बिघडवली, असं सांग म्हणते तिला."

बाबांनी पिशवी झटकली. "ती कुठे तुझं ऐकते?"

"काल ऐकेल असं वाटलं," आई म्हणाली. पदराला हात पुसून तिने चष्मा शोधला आणि टेम्पो पोचायच्या आत खारूला फोन लावायला ती आत गेली.