कुंकवासकट जोडून द्या

भिलाईच्या पावर हाउस बाजारात दौलतराव हटवारांचा फोटो स्टुडिओ होता आणि दौलतराव खोटे फोटो करण्यात पटाईत होते. ही काही त्यांची बदनामी नव्हे, त्यांनी स्वतःच दारावर पाटी लावली होती, 'येथे जोड-फोटो करून मिळेल.' तिथं तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. भंडाऱ्याकडून, साकोलीकडून माणसं येऊन झोपड्यांत राहत होती आणि त्यांच्या बायका गावी होत्या. नवऱ्याचा फोटो इथं काढायचा, बायकोचा गावच्या जत्रेतला फोटो ट्रंकेतून आणायचा, की दौलतराव दोघांना कात्रीनं कापून एकाच पडद्यासमोर शेजारी शेजारी उभं करून देत. ज्यांच्या झोपडीला धड दार नव्हतं, त्यांच्या मागं पडद्यावर रंगवलेला संगमरवरी जिना. जोडपी खूश असत. दौलतरावही खूश असत, कारण कात्रीचा सांधा कोणाला सापडत नसे.

कुंकवाचं मात्र ते फार जपत. त्यांच्या कॅमेऱ्याला लाल रंग आणि सावळी कातडी सारखीच काळपट दिसे. बाईनं कितीही ठसठशीत कुंकू लावलं तरी छापात ते कपाळात विरून जाई. म्हणून निगेटिव्हची काच धुऊन वाळली की दौलतराव आधी सुई घेत आणि कपाळाच्या जागी अगदी हलक्या हातानं खरवडत. तेवढ्या जागी छापात काळाभोर टिळा उमटे. धंद्याच्या सुरुवातीला रेल्वेतल्या एका गार्डाच्या बायकोच्या फोटोत हे राहून गेलं होतं. तिची सासू दुर्गहून टांगा करून आली आणि भर दुकानात तिनं विचारलं, "माहा पोरगा जिता हाये न जी?" तेव्हापासून आधी कुंकू, मग बाकीचं. एखादी विधवा नवऱ्याचा जुना फोटो घेऊन जोड करायला आली, तर दौलतराव मान खाली घालून विचारत, "कुंकवासकट करू का तसाच?" बहुतेक जणी म्हणत, कुंकवासकट. नवरा होता तेव्हाचा फोटो, म्हणून.

तर त्या थंडीत एका ठेकेदाराचं चिमणीचं काम पुरं होत आलं होतं. ठेकेदाराला हौस आली की सगळ्या मजुरांचा एक झकास फोटो काढावा आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापावा. दौलतराव तिपाई, काळं कापड आणि काचेच्या प्लेटी घेऊन सकाळीच गेले. मजुरांना उंच काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभं केलं आणि कॅमेरा खाली लावला, म्हणजे माणसांमागं आभाळ येईल आणि चिमणी आहे त्याहून उंच दिसेल. ओळीच्या टोकाला एक जण जरा सुटा उभा होता, चिमणीच्या अंगाला.

"सरक न भाऊ, जवळ," दौलतराव काळ्या कापडातून म्हणाले.

"सुटाच बरा हावो जी मी," तो हसून म्हणाला. "घरी दाखवाले सोपं जाईन."

त्याला दौलतराव ओळखत होते. कारखान्यात शिरायच्या बिल्ल्यासाठी त्यांनीच त्याचा फोटो काढला होता. केवलराम. साकोलीकडचा. परांचीवर सगळ्यात वर चढणारा.

दुपारी काच वाळत ठेवली असताना बाजारात बातमी आली की चिमणीवरून माणूस पडला. संध्याकाळपर्यंत त्याला शिवनाथ नदीच्या काठावर नेऊन उरकलंही होतं. त्याच्या झोपडीतल्या सोबत्यांना ठेकेदारानं ट्रकमध्ये घालून दुसरीकडच्या कामावर धाडलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मुन्शी विजयकुमार स्टुडिओत आला. कडक इस्त्रीचा, गोड बोलणारा माणूस. असल्या माणसाचा आवाज कधी चढत नाही, चढवायची गरजच पडत नाही. त्यानं ओल्या छापात ओळीच्या टोकाच्या केवलरामवर बोट ठेवलं.

"दौलतराव, ये आदमी निकालना है."

"काऊन जी?"

"ये कल हमारे यहाँ था ही नहीं. हप्ता पहले काम छोड़के चला गया."

दौलतरावांनी छापाकडं पाहिलं. कालच्या सकाळी हसत उभा असलेला माणूस हप्ता आधीच निघून गेला होता म्हणे, म्हणजे घरच्यांना भरपाई द्यायला नको. विजयकुमारनं केवलरामच्या बिल्ल्याच्या फोटोची काच मागून घेतली आणि रुमालात गुंडाळली. मग सहज सांगावं तसं तो म्हणाला, की दौलतरावांना कारखान्यात कॅमेरा न्यायचा जो पास मिळतो, तो ठेकेदारसाहेबांच्या शिफारशीवर मिळतो आणि दर वेळी नवा करावा लागतो.

पास गेला की बिल्ल्यांचं काम गेलं, आणि बिल्ल्यांवरच त्यांची चूल पेटत होती. दौलतरावांनी ब्रश घेतला.

माणूस पुसणं इतकं सोपं कधीच नव्हतं. काचेवर ज्या जागी लाल रंग लावावा ती जागा छापात पांढरी येते, आणि केवलरामच्या भोवती नुसतं आभाळ होतं. दाटीत उभा असता तर कोणाचा खांदा, कोणाचा हात सांभाळावा लागला असता. घरच्यांना सोपं जावं म्हणून तो सुटा उभा राहिला आणि त्याला पुसणाऱ्याला सोपं गेलं. विजयकुमारनं बजावलं होतं, काम झालं की काच फोडून टाका. दौलतराव "फोडतो" म्हणाले आणि काच डब्यात तळाशी ठेवून दिली. आपल्या हातची काच त्यांनी आजवर फोडली नव्हती. एवढं एक धैर्य त्यांच्यात होतं, तेही लपून.

कॅलेंडर निघालं आणि गाजलं. पावर हाउसच्या हॉटेलांत, सायकलच्या दुकानांत, सलूनमध्ये, जिकडं तिकडं तोच फोटो. रशियन इंजिनिअरांनी म्हणे आपल्या देशात न्यायला प्रती मागितल्या. लोक दौलतरावांना थांबवून सांगत, काय फोटो काढला जी, आभाळ काय साफ आलं. समोरच्या हॉटेलात चहा पितानाही दौलतराव कॅलेंडरकडं पाठ करून बसत. तिथंच रोज विजयकुमार बसे, स्टुडिओचं दार दिसेल अशा बाकावर.

आणि एके दिवशी भागाबाई आली.

नऊवारी लुगडं, हातात गाठोडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दारातूनच म्हणाली, "फोटूवाले भाऊ, चिमणीचा फोटू तुमीच काढला न? त्यात नलूचे बाबा हायेत का पाहा बरं."

नवऱ्याचं नाव ती घेईना. घ्यायची गरजही नव्हती. साकोलीहून आले म्हणताच दौलतरावांनी ओळखलं, ही कोणाची बायको ते.

"कामावरच्या एका रेजा बाईनं सांगतलं मले, फोटूत होते म्हणून. मुन्शी म्हणते काम सोडून गेले. गावात लोक म्हणून राहिले, दुसरी बाई केली असंन." हे शेवटचं ती भिंतीकडं पाहून बोलली. "तसे नाहीत जी ते."

दौलतरावांनी कॅलेंडर पुढं केलं. दुसरं काय करणार होते? तिनं एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवलं. बोट ओळीच्या टोकाला, पांढऱ्या आभाळावर गेलं आणि परत फिरलं. तेवढ्यात दारात सावली पडली. विजयकुमार चहाचा पेला हातात घेऊनच आला होता.

"क्या बाई, मिला?"

"नाही," भागाबाई म्हणाली.

"बोला था ना." त्याचं बोलणं तिच्याशी होतं आणि नजर दौलतरावांवर. तो खुर्चीत टेकला, उठेचना.

भागाबाईनं कॅलेंडर परत दिलं. मग तिनं गाठोडं सोडून त्यातली बरी चोळी काढली. "मंग माहा एकटीचाच काढा. बाजूले जागा सोडून ठेवा. ते आले का त्याइचा काढा अन् जोडून द्या. तुमी जोडता म्हंते."

पडद्याआड चोळी बदलून ती येऊन बसली आणि उजवीकडं एका माणसाची जागा सोडून सरकली. संगमरवरी जिन्यासमोर ती आणि शेजारी मोकळी जागा. दौलतराव काळ्या कापडात शिरले. काचेवर माणूस उलटा दिसतो. भागाबाई उलटी टांगल्यासारखी दिसत होती आणि तिचं कुंकू सगळ्यात खाली. त्यांना वाटलं, आता इथंच, या कापडातच तोंड लपवून सांगून टाकावं. बाहेर पेल्याला चमचा लागल्याचा आवाज झाला. त्यांनी बटण दाबलं.

"बाजाराच्या दिवशी या," ते म्हणाले.

रात्री दुर्गला आपल्या घरी त्यांनी बायकोला, सत्यभामेला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"तुमी काऊन सांगता? पास गेला का आपन काय खाऊ?" ती म्हणाली. भाकरी तव्यावर पडली. मग पीठ झाडत ती पुन्हा बोलली, "पन ते बाई रोज कुंकू लावत असंन न जी. देवापुढं उभी राहून त्याच्या नावानं."

दौलतराव उठून ओसरीत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भागाबाईची काच उजेडाला लावली. सुई उचलली. आधी कुंकू, मग बाकीचं, ही इतक्या वर्षांची सवय. पण सुई कपाळाशी नेली की हात थांबे. हा टिळा लावला की तो जिवंत आहे असं आपण लिहून दिल्यासारखं, आणि नाही लावला तर? त्यांनी ठरवलं, हे शेवटी करू. आधी गळ्याची पोत उठावदार केली, गालावरचा डाग झाकला, चोळीचा काठ कोरला. जगात दुसरं काम नाही असं कोरलं. मग बिल्ल्यांसाठी मजुरांची रांग लागली, काच छापाच्या चौकटीत गेली, छाप निघाला, वाळला, पाकिटात गेला. त्या चेहऱ्याकडं बघायचं नव्हतं म्हणून त्यांनी बघितलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा दौलतराव हटवारांनी छाप न तपासता गिऱ्हाइकासाठी पाकीट बंद केलं. आता कोणी म्हणेल मुद्दाम केलं, कोणी म्हणेल घाबरट माणसाचा हात विसरतोच. काही का असेना, शरमेनं ती चूक करून ठेवली.

बाजाराच्या दिवशी भागाबाई आली. तिनं पाकिटातून फोटो काढला, दाराच्या उजेडात धरला. मग भिंतीवरच्या आरशापाशी गेली, जिथं गिऱ्हाइकं केस नीट करतात. आरशात कुंकू होतं. तिनं फोटो पाहिला, पुन्हा आरसा पाहिला.

"भाऊ," ती म्हणाली, "इथं कुंकू नाही."

दौलतरावांनी छाप हातात घेऊन पाहिला. राहून गेलं, आत्ता करून देतो, एवढंच म्हणायचं होतं. सुई समोर पडली होती. समोरच्या बाकावरून विजयकुमार उठून रस्ता ओलांडत होता. दौलतरावांनी तोंड उघडलं, पण त्यांना मान वर करता आली नाही. ती खाली घातलेली मान भागाबाईनं पाहिली. त्यापुढं तिला काही विचारायचं उरलं नव्हतं, तरी तिनं विचारलं.

"कुठं?"

"चिमणीवरून."

"कवा?"

"फोटो काढला, त्याच दिवशी."

ती रडली नाही. खाली बसली फक्त, गाठोड्याला धरून. "म्हंजे गेले नाहीत कुठं," ती म्हणाली. "दुसरी नाही केली."

विजयकुमार आत आला होता. "क्या चल रहा है, दौलतराव?"

दौलतराव उत्तर न देता डब्यापाशी गेले. तळाची काच काढली, कापसाचा बोळा पाण्यात बुडवला आणि काचेच्या टोकाला लावला. लाल रंग विरघळून बोटांवरून मनगटाकडं ओघळला. रंगाखालून हळूहळू माणूस वर आला, चेहरा काळा, केस पांढरे, काचेवर असतात तसा. सुटा उभा.

"पास का सोच लेना," विजयकुमार म्हणाला. आवाज अजून गोडच होता.

"सोचलं जी," दौलतराव म्हणाले आणि काच उजेडाला धरून भागाबाईला दाखवली.

काळ्या चेहऱ्यावरूनही तिनं नवऱ्याला ओळखलं. काचेला बोट लावलं नाही, नुसतं पाहत राहिली. मग पदर सावरून उठली.

"जोडून द्या," ती म्हणाली. "अन् कुंकू ठेवा. तवा होतं."

दौलतरावांनी ते काम तिथंच, तिच्या समोर बसून केलं. आधी कुंकू घातलं. मग केवलरामला कापून तिच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत बसवलं. नेहमी ते मागचं सगळं पुसून जिना पुरा करत. या वेळी कात्री दूर धरली आणि केवलरामच्या अंगची चिमणी, परांचीच्या बांबूंसकट, तशीच राहू दिली. अर्ध्या फोटोत संगमरवर, अर्ध्यात चिमणी, मध्ये सांधा ढळढळीत दिसतो आहे. इतका गचाळ जोड त्यांनी कधी केला नव्हता. एक प्रत भागाबाईला दिली. दुसरी चौकटीत घालून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली.

कामावर जाणारी-येणारी माणसं तिथून जात. केवलरामला ओळखणारे थबकत, फोटो पाहत, मग हॉटेलातल्या कॅलेंडरपाशी जाऊन ओळीच्या टोकाचं साफ आभाळ पाहत. हळूहळू एकेका हॉटेलातून ते कॅलेंडर उतरत गेलं.

पास अर्थातच गेला. दौलतरावांनी पावर हाउसचं दुकान बंद करून दुर्गला स्टेशनजवळ लहानशी जागा घेतली. सामान हलवताना सत्यभामेनं सगळ्यात आधी ती चौकट काढली, लुगड्यात गुंडाळली आणि टांग्यात मांडीवर घेऊन बसली.