सासूबाई आणि पेत्राची सासू

टीव्हीवर येशूची मालिका लागली की माझ्या सासूबाई मांडीवर पवित्र शास्त्र उघडून बसतात आणि ओळीवर बोट ठेवून एकेक प्रसंग ताडून बघतात. "हा उंट कुठून आणला यांनी? शास्त्रात नाहीये!" असं पडद्यालाच दटावतात.

या रविवारी मालिकेत येशूचा शिष्य पेत्र त्याला आणि सोबत्यांना घरी घेऊन आला, तेव्हा पेत्राची सासू तापानं फणफणली होती. येशूनं तिचा हात धरला आणि ताप उतरला. शास्त्रात पुढं एवढंच आहे की ती उठून सगळ्यांची सेवा करू लागली. मालिकेतली सासू मात्र बाह्या सरसावत जावयाला म्हणाली, "इतकी माणसं आणायची, तर आधी सांगायचं नाही का?"

सासूबाईंचं बोट त्या ओळीवरून दोनदा फिरलं. मला वाटलं, बाईचा अख्खा दिवस एका ओळीत बसवायचा म्हणजे चुलीपाशी झालेलं बोलणं बाहेरच राहणार.

"शास्त्रात नाहीये," त्या म्हणाल्या. मग मी, त्यांच्या जावयानं, चर्चमधल्या उपासनेहून न सांगता जेवायला आणलेल्या तीन मित्रांकडे बघून हसल्या. "पण म्हणाली असणार!"

त्या कणीक मळायला उठल्या. मीही मुकाट्यानं कांदे चिरायला घेतले.