मिस्त्रींनी सुचवलेली खोली

सांगलीतल्या आमच्या ऑफिसचं रूप बदलायचं काम माझ्याकडे होतं. लाकूडकामाला जतकडचे एक मिस्त्री आले होते. उंच, वाळके, मोजकंच बोलणारे. टेबलाची उंची ठरवताना ते माणसाला खुर्चीत बसवून त्याच्या कोपराखाली टेप धरायचे. नकाशातल्या आकड्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

जुन्या स्टोअररूममध्ये त्यांचं काम चालायचं. बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली आमची एक सहकारी रोज दुपारी पिशवी घेऊन तिथे जायची. ती आली की मिस्त्री रंधा खाली ठेवून बाहेर यायचे आणि दाराकडे पाठ करून उभे राहायचे.

एकदा मी हटकलं, "काय मिस्त्री, काम थांबलं?"

ते हळू आवाजात म्हणाले, "सायेब, ताई लेकरासाठी दूध काढत्यात. दाराला आतनं कडी न्हाई. हितं एक बारकी खोली राहू द्या, दार मी बसवतो. अर्ध्या दिसाचं तर काम हाय."

"नकाशा मंजूर झालाय," मी म्हणालो.

स्टोअररूम पाडली. तिथे कॅरम आला, गुबगुबीत रंगीत खुर्च्या आल्या. काम संपवून मिस्त्री गेले.

दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. घरची अडचण असेल, असं वाटून मी विचारलं.

"मिस्त्री होते तोवर जमत होतं, सर," ती म्हणाली. "नंतर बाथरूममध्ये उभं राहून काढत होते. आता नाही होत."

नकाशा बदलायला वरच्यांनी नकार दिला नसता. मी त्यांना विचारलंच नव्हतं.