महिपतीला दिलेला खांदा

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या महिपतीला देवाने एकच विद्या दिली होती, मेल्यासारखं पडून राहायची. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, पण तिथेही हीच विद्या जास्त चालते, असं त्याची बायको बजाबाईच सांगायची. पंचेचाळिशीचा गडी, लग्नाची पोर घरात, आणि याचा सारा अभिमान कशात, तर रंगपंचमीला टोळक्याच्या खांद्यावर तिरडीवरून मिरवण्यात. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्यावर नरदेह मिळतो म्हणतात. तो मिळाला, तर याने त्याचं मढं केलं.

सन सत्तावीसच्या रंगपंचमीला त्याच्या मायाक्काची बोलणी पक्की करायला होटगीहून पाहुणे यायचे होते. मुलगा रेल्वेत खलाशी, निर्व्यसनी. आधीची दोन स्थळं बापाचे गुण ऐकूनच फिरली होती. हे तिसरं मोडलं तर पोर घरातच राहायची. म्हणून बजाबाईने आदल्या संध्याकाळी नवऱ्याला देवापुढे शपथ घालून ठेवली, उद्या उंबरा ओलांडायचा नाही. सकाळी टोळक्याचा म्होरक्या गुंडा आला. नातवंडं खेळवायचं त्याचं वय. तुझ्यासारखं मढं साऱ्या सोलापुरात नाही, म्हणाला. झालं. पाल्यामागे शेळी जावी तसा हा गेला.

मी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन परतत होते. चौकात तिरडी आली. पुढे मडकं धरलेला गुंडा, मागे दहा-बारा बाप्ये डोळ्यांना धोतराचे सोगे लावून. हसू एकाच्याही तोंडावर नाही. त्यातच म्हणे सारी कला. त्याच वेळी स्टेशनाकडून पाहुणे आले. पुढे मुलाचा म्हातारा चुलता हिंदुराव, हातात नारळसाखरेचं फडकं. त्या सरळ माणसाने वहाणा काढून कोण गेलं म्हणून विचारलं. गुंडाने मान खाली घालून महिपतीचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने फडकं मागच्याच्या हाती दिलं. मग होणारा व्याही म्हणून पुढे झाला आणि रडत रडत तिरडीला खांदा दिला.

महिपतीने हे सारं पडल्या पडल्या ऐकलं. तेव्हा तरी उठावं की नाही? पण सोंग बिघडलं असतं ना. विसाव्यापर्यंत म्हाताऱ्याच्या खांद्यावर गेला, आणि तिरडी खाली टेकताच उडी मारून नाचायला लागला. गुंडाने हिंदुरावाच्या पागोट्यावर रंग ओतला. लोक पोट धरून हसले.

हिंदुरावाने पागोटं काढून हातात घेतलं. तळ्यावर जाऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या धोतराने बजाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. मी आधीच जाऊन तिला सगळं सांगितलं होतं. मायाक्का आत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"बाई, ज्याला मी खांदा दिला त्याच्यासंगं सुपारी फोडायची न्हाय," हिंदुराव म्हणाला. "मेलेल्याशी बोलणी करायची आमच्यात रीत न्हाय."

तेवढ्यात महिपती आलाच, रंगाने निथळत, दात काढत. गंमत होती पाव्हणं, म्हणू लागला. बजाबाईने त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बरुबर हाय तुमचं," ती हिंदुरावाला म्हणाली. "ह्या घरचा कर्ता गेला. पोरीचा मामा वैरागला असतो, त्याच्याशी बोला."

म्हाताऱ्याने बोटांवर महिने मोजले. "मग वर्साच्या आत लगीन उरकाय पायजे. बाप गेल्यावर त्येवढ्यात न्हाय झालं तर तीन वर्सं थांबावं लागतं."

"वैशाखातच काढू की."

वैशाखात लग्न झालं. कन्यादान मामाने केलं. होटगीच्या एकाही माणसाने महिपतीला रामराम घातला नाही. त्याच्या अंगावरून, जागा मोकळी असल्यासारखे जात होते. बजाबाईच्या कपाळी कुंकू तेवढं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "ते देवीचं हाय, त्यांचं न्हवं."

पंगत बसली तेव्हा तिने नवऱ्याचं पान वेगळं मांडलं, परसात, कावळ्याला घास ठेवतात त्या दगडाशी. महिपती तिथे बसून निमूट जेवला. बुंदी दोनदा मागून घेतली.